खकाणा

पुण्यात चायनीज खायला चायनीज हॉटेलात जावं लागत नाही, हे स्वतः चायनीज हॉटेल चालवणाऱ्या आमच्या दादाच्या पुरतं लक्षात आलं ते एका लग्नात. पौड रोडचं मंगल कार्यालय, बुफे. जिलबी-मठ्ठ्याच्या शेजारी उंच पांढरी टोपी घातलेला एक पोरगा नूडल्स परतत होता आणि त्याच्यासमोर नऊवारीतल्या आज्यांची रांग. दादाने एक घास खाल्ला, ताटली माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "सॉस आपल्यापेक्षा वाईट आहे. पण रांग बघ."

रांग खरंच मोठी होती. आणि ती काही लग्नापुरती नाही. वडापावच्या गाडीवर शेजवान आहे, डोशात आहे, फ्रँकीत आहे, दिवाळीत चकलीतही येऊन गेलं. चायनीज भेळ नावाचा प्रकार शाळांच्या बाहेर मिळतो. उडपी हॉटेलच्या मेनूकार्डावर इडली आणि पावभाजीच्या मधे दोन पानं चायनीजची असतात. उपवासाचं शेजवान तेवढं अजून माझ्या पाहण्यात नाही. साबुदाणावड्याबरोबर एखाद्या आषाढी एकादशीला ते आलं तर मी तरी दचकणार नाही.

आमचं हॉटेल कर्वे रोडच्या एका गल्लीत आहे. सोसायटीच्या तळमजल्यावरचा गाळा, अकरा टेबलं, दर्शनी भागात काचेमागे किचन. बाबांनी ते १९८६ साली काढलं. आता सोसायटी रिडेव्हलपमेंटला चालली आहे आणि हॉटेलचं पुढे काय, हे कोणालाच सांगता येत नाही. ओळखीचे लोक भेटले की हळहळतात. "बंद करू नका हो, आमचं बालपण आहे ते!" माझी वहिनी काउंटरवर बसते, तिला याचा भयंकर राग येतो. बालपण असलेल्यांनी गेल्या वर्षभरात किती वेळा बिल केलं, ते तिला तोंडपाठ असतं.

बाबा मूळचे भोर तालुक्यातले. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला पुण्यात आले आणि कॅम्पात, ईस्ट स्ट्रीटच्या बाजूला, एका चिनी कुटुंबाच्या हॉटेलात भांडी घासायला लागले. तिथे टेबलं पुसता पुसता वेटर झाले, मग कॅप्टन. मालकांना सगळे अंकल म्हणत, काउंटरवर त्यांची बायको, आंटी. अंकल हक्का समाजाचे, कोलकात्यात वाढलेले. कोलकात्याच्या टांगरा भागात हक्का लोकांचे चामड्याचे कारखाने होते. कातडी कमावायचं काम सनातनी मंडळी करत नसत, ते या लोकांनी उचललं. पुढे त्याच गल्ल्यांमधून खाणावळी निघाल्या आणि तिथल्या पोरांनी कढया घेऊन अख्खा देश गाठला. अंकल त्यांतलेच एक.

बाबा अंकलबद्दल फार बोलत. पण एक गोष्ट सांगताना त्यांचा आवाज बदलायचा. काउंटरखाली बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा असे आणि त्यात घरातल्या प्रत्येकाचे कागद: जन्माचे दाखले, पोलिसात हजेरी लावल्याच्या पावत्या, प्रवासाच्या परवानग्या. १९६२च्या युद्धानंतर सरकारने चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार माणसांना उचलून राजस्थानातल्या देवलीच्या छावणीत ठेवलं होतं. आसाम-बंगालमधली कुटुंबं त्यात जास्त. म्हातारे, लहान पोरं, सगळेच; काहींची चार-साडेचार वर्षं तिथे गेली. अंकल त्यातून वाचले, पण शहराबाहेर जायचं तर परवानगी आणि ठरावीक दिवशी हजेरी, हे त्यांच्या मागे बरीच वर्षं होतं. सगळं शिथिल झाल्यावरही तो डबा काउंटरखालून हलला नाही. रात्री गल्ला मोजून झाला की अंकल डब्याचं झाकण एकदा दाबून बघत.

त्यांची मुलं कॅनडात गेली आणि मागोमाग तेही. कोलकात्याचे कितीतरी हक्का लोक टोरोंटोच्या आसपास जाऊन राहिलेत, आणि तिथे त्यांची हॉटेलं आहेत. त्या हॉटेलांत काय विकतात? चिली चिकन आणि मंचुरियन. मंचुरियाशी मंचुरियनचा काही संबंध नाही, हे आता बहुतेकांना माहीत असतं. १९७५ साली मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात नेल्सन वँग या आचाऱ्याने कोणीतरी नवीन काहीतरी कर म्हटल्यावर आलं-लसूण-हिरवी मिरची फोडणीला टाकली, आणि गरम मसाल्याऐवजी सोया सॉस आणि कॉर्नफ्लॉवर घातलं. हे गृहस्थही जन्माने कोलकात्याचेच. म्हणजे पदार्थ मुंबईचा, हात कोलकात्याचा, नाव मंचुरियाचं आणि आता गिऱ्हाईक टोरोंटोचं.

निघताना अंकलनी बाबांना दोन लोखंडी कढया आणि मधोमध फिरणारं एक गोल टेबल विकलं. फुकट दिलं नाही, हे बाबा मुद्दाम सांगत. रोख घेतले, आणि रीतसर पावती दिली. पावती सांभाळून ठेव म्हणाले.

कॅम्पातलं गिऱ्हाईक वेगळं आणि कर्वे रोडचं वेगळं. कॅम्पात पारशी, ख्रिश्चन, लष्करातले अधिकारी, फर्ग्युसनमधून सायकली मारत आलेली शौकीन पोरं. आमच्याकडे रविवारी संध्याकाळी तुळशीबागेतून पिशव्या घेऊन आलेलं पाचजणांचं कुटुंब बसे आणि ऑर्डर द्यायचे, "तीन मंचाव, वन बाय टू करा." तीन सुपांचे सहा बोल, पाचजण पितात, सहावा बोल कोणाचा यावर भावंडांत मारामारी. कुरकुरीत नूडल्सची वाटी मात्र दोनदा मागवायची, कारण तिचे पैसे पडत नाहीत. कोबी कच्चा लागतो, भात फडफडीत आहे, मऊ का नाही, अशा तक्रारी बाबांनी पहिली दोन वर्षं ऐकून घेतल्या आणि मग मेनूकार्ड बदललं. व्हेजचं पान आधी आलं. श्रावणात, पितृपंधरवड्यात चिकनची मागणी आटते म्हणून कोबी-गाजराच्या मंचुरियनचे चार प्रकार झाले. मार्केट यार्डाजवळचे व्यापारी यायला लागले तेव्हा जैन मंचुरियन आलं, म्हणजे आलं-लसूण-कांदा नसलेलं. अंकलना हे कळलं असतं तर त्यांनी डोकं धरलं असतं, की पावती मागितली असती, कोण जाणे.

त्यामुळे "तुमच्याकडची अस्सल चव जपा" असं कोणी म्हणालं की मला गंमत वाटते. आमच्याकडे अस्सल काही नव्हतंच. जे होतं ते पुणेकरांशी तडजोड करत करत शिजलेलं होतं. शेजवानचंच घ्या. ज्याच्यावरून हे नाव आलं त्या चीनच्या सिचुआन प्रांतातल्या स्वयंपाकाची खूण म्हणजे जीभ बधिर करणारी एक मिरी, आणि ती मिरी कोकणातल्या तिरफळाची सख्खी चुलत बहीण आहे, एकाच वनस्पती-कुळातली. बांगड्याच्या आमटीत तिरफळं ठेचून घालणारे लोक आमच्याकडे जेवायला येत होते, आणि आमच्या शेजवानमध्ये तिरफळही नव्हतं आणि ती मिरीही नव्हती. होती ती ब्याडगी मिरची.

शेजवान मंगळवारी होतं. सोमवारी रात्री ब्याडगी देठं काढून भिजत घालायची. सकाळी ती फुगून मखमलीसारखी झालेली असते. दोन वाटण: एक मिरचीचं, एक लसणाचं, लसूण जवळजवळ मिरचीच्या बरोबरीने. मोठ्या कढईत तेल चांगलं तापवून लसूण आधी, तो सोनेरी व्हायच्या आत आलं, सेलरीचे बारीक देठ, आणि मग मिरची. मिरची पडली की खकाणा उठतो. असा उठतो की काचेमागचा माणूस दिसेनासा होतो, गल्लीत उभे असलेले रिक्षावाले शिंकत पुढच्या कोपऱ्यावर जातात, आणि वरच्या तीन मजल्यांच्या खिडक्या एकामागून एक धडाधड बंद होतात. तेल सुटेपर्यंत अर्धा-पाऊण तास हे चालतं. मग व्हिनेगर, साखर, मीठ. धूर वर न्यायला डक्ट आहे, पण तो बाबांच्या काळचा, पहिल्या मजल्याच्या वर जेमतेम संपणारा. सोसायटीने तीनदा लेखी तक्रार केली. बाबांनी तक्रारीला कधी उत्तर दिलं नाही. ते दर मंगळवारी दुसऱ्या मजल्यावरच्या काकांकडे दोन स्वीट कॉर्न सूप आणि एक हक्का नूडल्स पाठवायचे, मिरची कमी. काका सोसायटीचे सेक्रेटरी होते. ही व्यवस्था बाबा गेल्यावर दादाने तशीच चालू ठेवली.

सॉस वहिनी करते, कारण तो मंगळवारी सकाळी होतो आणि त्याला घाई नसते. पण रेंजवर, म्हणजे किचनच्या मोठ्या शेगडीवर, आमच्या घरातलं कोणी उभं राहिलं नाही. दादाला कढई झेलता येत नाही. बाबांनी त्याला मुद्दाम शिकवलं नाही. "तू काउंटरला बस, हिशेब शीक," म्हणायचे. अंकलनीही आपल्या मुलांना किचनमध्ये येऊ दिलं नव्हतं, बाबा तेच शिकले असावेत. म्हणजे दोन घराण्यांनी तीस-चाळीस वर्षं चालवलेल्या या धंद्यात, मालकाच्या मुलाने आगीसमोर उभं राहायचं नाही हा पहिला नियम. मग आता पुढची पिढी यात येत नाही म्हणून कपाळाला हात लावण्यात काय अर्थ आहे? ती यात येऊ नये म्हणूनच तर एवढा खटाटोप होता.

हात दाजूचा. दाजू कालिम्पाँगचा, १९९१ साली आला तेव्हा मिशी फुटायची होती. नेपाळीत दाजू म्हणजे थोरला भाऊ, त्याच्या हाताखालची पोरं म्हणायची म्हणून आम्हीही म्हणायला लागलो. आज बाबांच्या वयाची गिऱ्हाइकंही त्याला दाजूच म्हणतात. त्याला काम करताना काचेतून बघणं हा माझ्या लहानपणीचा टीव्ही होता. ब्लोअर सुरू झाला की विमान उडतंय असा आवाज. ज्योत कढईच्या बाहेर दोन वीत. रेंजच्या पत्र्यावर पुढून पाणी वाहत असतं, नाहीतर पत्रा तापून वाकेल. डाव्या हातात फडक्याने धरलेली कढई, उजव्या हातात लांब दांड्याची पळी, आणि त्या एकाच पळीने सगळं: तेल, मीठ, मिरीपूड, सोया, चमचा नाही की वाटी नाही. गॅस गुडघ्याने कमी-जास्त. आदल्या रात्री शिजवून परातीत गार केलेला भात पडला की तो तीनदा पळीने दाबून मोडतो, मग कढई पुढे ढकलून मागे ओढतो, आणि भात हवेत उठून, ज्वाळेतून जाऊन परत येतो. सव्वा मिनिटात प्लेट. घरच्या गॅसवर हा भात होत नाही. पाककृती तीच, भांडं तेच आणा, तरी नाही. तिथे आग कमी पडते.

तीस वर्षांत हजारो वेळा उचललेली ती कढई आता दाजूच्या डाव्या खांद्यात बसली आहे. माझी भाची फिजिओथेरपी शिकते. तिचा पहिला पेशंट दाजू. दोन महिने व्यायाम करवून घेतल्यावर ती आपल्या बापाला म्हणाली, "बाबा, त्याला आता रेंजवरून उतरवा. हा खांदा अजून पाच वर्षं नाही चालणार." दादा म्हणाला, उतरवतो. कोणाला चढवू? दार्जिलिंगकडची पोरं आता गोव्याला जातात, आखातात जातात. मुंबई-पुण्यात आली तर मोठ्या हॉटेलात जातात, जिथे आठवड्याची सुट्टी आणि पीएफ मिळतो. जायलाच हवं त्यांनी. आमच्याकडे जो नवा पोरगा येतो तो चार महिन्यांत हात बसला की स्वतःची गाडी टाकतो. आमच्या गल्लीच्या टोकाला जी चायनीजची गाडी आहे, लाल रंगाची, ड्रॅगन काढलेली, ती आमच्याच एका पोराची आहे. दादा अधूनमधून तिथे उभ्याने खातो. मी एकदा विचारलं, कसं आहे? म्हणाला, "दाजूचाच हात. भाडं नाही, टेबल नाही, एसी नाही. मीच याच्याकडे कामाला राहायला पाहिजे."

धंद्याचं दुखणं कोविडच्या आधीपासूनचं आहे. मेट्रोसाठी कर्वे रोड खणला तेव्हा आमच्या गल्लीत गाडी वळवणं मुश्कील झालं. रविवारची कुटुंबं पार्किंगला कंटाळून कोथरूडमध्येच जेवायला लागली. वनाज ते गरवारे मेट्रो ६ मार्च २०२२ ला सुरू झाली, पण मोडलेली सवय काही मेट्रोत बसून परत आली नाही. मधे २०२० होतंच. मार्चमध्ये शटर पडलं, जूनमध्ये नुसतं पार्सल सुरू केलं आणि त्याच महिन्यात गलवानला चिनी सैन्याशी चकमक झाली. केंद्रीय राज्यमंत्री रामदास आठवल्यांनी चायनीज पदार्थ विकणारी हॉटेलं बंद करा म्हटलं, ते टीव्हीवर दिवसभर चाललं. फोन यायचे, तुमचा माल चीनचा आहे का म्हणून. वहिनी एकेकाला सांगायची: कोबी खेड-मंचरचा, मिरची कर्नाटकातली, सोया सॉस कोलकात्याचा, अजिनोमोटो मुळात जपान्यांचा शोध. हॉटेलात चीनचं काय असेल तर काउंटरवरचा कॅल्क्युलेटर.

यावर आम्ही हसलो तरी दाजूच्या भाच्याला, जो भांड्याला होता, दूध आणायला गेल्यावर चौकात दोघांनी "ए कोरोना" म्हणून हाक मारली. तो गाव सोडून आलेला एकोणीस वर्षांचा पोरगा, भारतीयच. दुसऱ्या दिवशी तो दूध आणायला गेला नाही आणि लॉकडाऊन उठल्यावर पहिल्या गाडीने परत गेला. मला तेव्हा अंकलचा तो बिस्किटांचा डबा आठवला होता. मी दादाला तसं म्हटलं नाही.

आता अर्धा धंदा ॲपवर. बिलाच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास कमिशन, त्यावर अठरा टक्के जीएसटी, आणि गिऱ्हाइकाकडून जो पाच टक्के जीएसटी घेतला जातो त्यातून त्याची वजावट मिळत नाही. वहिनीने एकदा मला हा हिशेब कागदावर मांडून दाखवला. शंभर रुपयांच्या पार्सलमध्ये शेवटी जो आकडा उरला, तो बघून मी विचारलं की मग विकता कशाला? ती म्हणाली, "नाही विकलं तर लोकांना वाटेल बंद पडलं."

आणि रिडेव्हलपमेंट. कर्वे रोड, प्रभात रोड, एरंडवणे, सगळीकडे चाळीस-पन्नास वर्षांच्या इमारती पडतायत आणि तिथे दुप्पट-तिप्पट उंच उभ्या राहतायत. सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९ अ खालची सगळी कार्यवाही झाली, बिल्डर ठरला. रहिवाशांना वाढीव जागा, लिफ्ट, पार्किंग मिळेल. सत्तरीच्या माणसांना तीन मजले चढवत नाहीत, त्यांनी का अडून बसावं? दादानेही संमती दिली आहे. आम्हाला तळमजल्यावर तेवढाच गाळा, थोडा वाढीव, आणि बांधकाम होईतो भाडं. तीन वर्षं म्हणतात. तीन वर्षं बंद राहिलेलं हॉटेल परत उघडता येतं, पण तोवर दाजूचा खांदा, पोरं, रविवारची उरलीसुरली कुटुंबं यांना कोणत्या गोडाउनात ठेवायचं?

बिल्डरच्या माणसाने दादाला चांगला सल्ला दिला. खरंच चांगला, मी तिथे होते. म्हणाला, "साहेब, नव्या बिल्डिंगमध्ये किचन कशाला करता? बँकेला द्या, डायग्नोस्टिक सेंटरला द्या. महिन्याच्या महिन्याला भाडं, झोप शांत." दादाने घरी येऊन आकडेमोड केली. बँकेचं भाडं हॉटेलच्या निव्वळ नफ्याहून जास्त निघालं, बऱ्यापैकी जास्त. म्हणजे त्या गाळ्यात हॉटेल नसलं तर त्या गाळ्याची किंमत वाढते. हे कळल्यावर माणसाने काय करायचं? मला विचाराल तर मी बँकेला देऊन टाकेन. मी तसं बोललेही. मी शाळेत शिकवते, रात्री अकरा वाजता सिलिंडर संपल्याचा फोन मला येत नाही, आणि तरीही बँक म्हणाले. दादा चिडला नाही. म्हणाला, "बरोबर आहे तुझं. पण मग मी सकाळी उठून कुठे जाऊ?"

भाचीची सूचना वेगळी: हॉटेल सोडा, आईचा सॉस बाटलीत भरा, लायसन्स काढा, विका. वहिनीला ती पटली आहे. दुकानातली चार शेजवान चटण्या आणून तिने चव घेऊन बघितली आणि चारही बाजूला सारल्या. बाटलीला दाजू लागत नाही, टेबलं लागत नाहीत, डक्टही एखाद्या शेडमध्ये कुठेतरी निघेल. पण बाटलीतून वन बाय टू मागता येत नाही, आणि फ्राइड राइस तर त्यातून मुळीच निघत नाही.

दादाने अजून काही ठरवलेलं नाही. त्याने फक्त आर्किटेक्टला सांगितलं की बँक येवो की हॉटेल, नकाशात डक्ट काढा, तळमजल्यापासून थेट गच्चीच्या वरपर्यंत. नंतर भिंत फोडायला कोणी देणार नाही. आर्किटेक्टने काढला. तो मागच्या बाजूने, दुसऱ्या मजल्याच्या एका बेडरूमच्या भिंतीला खेटून वर जातो. ती बेडरूम काकांची. परवा त्यांचं पत्र आलं, सोसायटीच्या लेटरहेडवर, सही ठसठशीत: सदर डक्टला आपली तीव्र हरकत असून तो नकाशातून वगळण्यात यावा. दादाने पत्र दोनदा वाचलं, ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि किचनकडे वळून म्हणाला, "आज मंगळवार ना? काकांचं पार्सल गेलं का? मिरची कमी."